हात वर जातो तेव्हा फरा फिरतो

हाताला धडाशी जोडणाऱ्या हाडांच्या रचनेला अंसमेखला म्हणतात. तिच्यात प्रत्येक बाजूला जत्रुक, म्हणजे कॉलरबोन, आणि अंसफलक, म्हणजे पाठीवरचा त्रिकोणी फरा, अशी दोन हाडे असतात. विलक्षण बाब अशी, की या रचनेचा धडाच्या सांगाड्याशी खराखुरा सांधा एकच असतो, तोही जत्रुक आणि छातीच्या मध्यभागातील उरोस्थी यांच्यामधला. फरा मात्र बरगड्यांवर स्नायूंच्या आधाराने सरकत राहतो.

या मोकळेपणाचे मोल हात डोक्यावर नेताना कळते. सुमारे 180 अंशांच्या या हालचालीपैकी जवळपास 120 अंश दंडाचे हाड आणि फऱ्याची उथळ खोबण यांच्यातील सांध्यात घडतात, तर उरलेले 60 अंश फरा स्वतः फिरल्याने मिळतात. व्हर्न इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1944 मध्ये मांडलेले हे प्रमाण सरासरीचे समजावे, कारण सुरुवातीच्या अंशांत फऱ्याचा वाटा व्यक्तिपरत्वे बदलतो.

फरा फिरवण्याचे काम पाठीवरचा ट्रॅपेझियस आणि बरगड्यांवरून फऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत जाणारा सेरेटस अँटिरिअर हे स्नायू जोडीने करतात. सेरेटसची चेता, म्हणजे नर्व्ह, छातीच्या भिंतीवरून बरीच उघडी जात असल्याने काखेतील शस्त्रक्रियेत तिला इजा होऊ शकते. मग भिंतीला हात टेकून रेटा दिला, की फऱ्याची कड पंखासारखी पाठीवर उचलली जाते आणि हात पूर्ण वर जात नाही. त्यामुळे खांद्याच्या तक्रारीत केवळ दुखरा सांधा दाबून पाहणे अपुरे असून, पाठ उघडी ठेवून दोन्ही फऱ्यांची हालचाल मागून पाहणे अत्यावश्यक ठरते.