मुद्दुपळणीची बाजू घेणारे

महाराष्ट्रातून तंजावूरला आलेली मंडळी राजवाड्यातला दरबार हॉल पाहतात, सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांची चौकशी करतात आणि भोसले राजांच्या आठवणीत रमतात. मुद्दुपळणीचं नाव क्वचितच निघतं. प्रतापसिंह राजांच्या काळात (१७३९ ते १७६३) ती याच दरबारातली गणिका होती; गाणं-नाचणं जाणणारी, विद्वान आणि कवयित्री.

तिनं तेलुगूत ५८४ पद्यांचं ‘राधिका सांत्वनमु’ लिहिलं. आपणच वाढवलेल्या इळेचं लग्न राधा कृष्णाशी लावून देते, मग मत्सरानं पेटते आणि कृष्णाला तिची मनधरणी करावी लागते. यातला रुसवा बाईचा, इच्छाही बाईचीच. सुरुवातीला मुद्दुपळणी घराण्याची ओळख करून देते ती आजी, आत्या अशा बायकांच्या नावांनी. १८८७ मध्ये काव्य छापलं गेलं तेव्हा संपादकानं नेमका हाच भाग गाळला. शृंगाराच्या काही पद्यांनाही कात्री लागली, पण आजीच्या नावानं कुणाचं काय बिघडणार होतं?

कंदुकूरी वीरेशलिंगम हे आंध्रातले मोठे सुधारक. १८८१ मध्ये राजमुंद्रीत त्यांनी विधवाविवाह लावला आणि समाजाचा रोष झेलला. त्याच वीरेशलिंगम यांनी तेलुगू कवींच्या चरित्रांत मुद्दुपळणीला व्यभिचारिणी म्हटलं. असं लिहिणं बाईला शोभत नाही, असा शेराही मारला. सोसणाऱ्या विधवेसाठी ते लढले, पण स्वतःच्या सुखाबद्दल मोकळेपणानं बोलणारी गणिका त्यांना खपली नाही. पुष्कळ भल्या माणसांचं इथेच अडतं. गांजलेल्याची कणव येते, पण तो आपल्या शब्दांत बोलू लागला की हीच माणसं नाराज होतात.

बंगळूर नागरत्नम्मा देवदासी परंपरेतल्या नामवंत गायिका. हे काव्य एका बाईचं, त्यातही आपल्या समाजातल्या बाईचं, म्हणून त्यांनी हस्तलिखित मिळवलं आणि १९१० मध्ये गाळलेल्या भागासह पूर्ण काव्य प्रसिद्ध केलं. पुरुष कवींचा शृंगार चालतो, मग लाज फक्त बायकांनीच बाळगायची का, असा रोकडा सवाल त्यांनी प्रस्तावनेत वीरेशलिंगम यांना केला. १९११ मध्ये सरकारनं पुस्तक अश्लील ठरवून प्रती जप्त केल्या.

हे पुस्तक छापणाऱ्या मद्रासच्या वाविळ्ळा प्रकाशनाचं इथे विशेष वाटतं. संस्कृत-तेलुगू ग्रंथ छापणाऱ्या या प्रतिष्ठित घराण्याला हात झटकणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. पंडितांसह सरकारकडे दाद मागितली, यश आलं नाही तरी पुस्तक सोडलं नाही. मद्रास प्रांताच्या सरकारचे प्रमुख टंगुटुरी प्रकाशम यांच्या काळात बंदी उठली आणि १९५२ मध्ये वाविळ्ळांनीच नवी आवृत्ती काढली. चाळीस वर्षं नेटानं बाजू लावून धरली, तीही नागरत्नम्मांचं म्हणणं स्वतःच्या तोंडी न घेता.

देवदासी प्रथेच्या प्रश्नात मात्र पेच अवघड होता. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रास विधिमंडळात प्रथाबंदीसाठी जिद्दीनं लढा दिला; त्यांची आई देवदासी कुळातली. तंजावूर भागातल्या मूवलूर रामामृतम अम्मैयार याच समाजातल्या, त्याही प्रथेविरुद्ध पोटतिडकीनं बोलत. प्रथेतलं शोषण खरंच होतं. पण नागरत्नम्मा आणि मद्रासच्या देवदासी संघटनेनं विरोध नोंदवला: आम्हाला शिक्षण द्या, सरसकट वेश्या ठरवून आमची कला आणि जमिनी काढून घेऊ नका. १९४७ मध्ये कायदा झाला. एकाच समाजातल्या बायका अशा दोन बाजूंना उभ्या असताना सोयीचा आवाज तेवढा उचलून ‘त्यांचं म्हणणं हेच’ असं सांगणं अन्यायाचं ठरतं. रामामृतम यांच्याइतकंच नागरत्नम्मांचं म्हणणंही कायद्याच्या चर्चेत तोलून पाहायला हवं होतं.

संगीताच्या क्षेत्रातही नागरत्नम्मांना असंच झगडावं लागलं. तंजावूरजवळच्या तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या समाधीची पडझड झाली होती. त्यांनी स्वतःच्या मिळकतीतून जागा घेऊन तिथे मंदिर बांधलं. तरी त्यागराजांच्या स्मरणार्थ होणाऱ्या आराधना या संगीतोत्सवात बायकांना गायला बंदी! त्यांनी देवदासी गायिकांना जमवून समाधीच्या मागच्या बाजूला वेगळी आराधना सुरू केली. अखेर १९४०च्या सुमारास आराधना भरवणारे पुरुषांचे गट त्यांच्यासोबत एकत्र आले, तेव्हा बायकांच्या गाण्यालाही आराधनेत जागा मिळाली.