‘जात होतो’ म्हणजे दर वेळी ‘वॉज गोइंग’ नव्हे

नांदेड-लातूरच्या वस्त्यांमधले आपले तरुण आता परदेशी विद्यापीठांत अर्ज करू लागले आहेत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे ती वाट खुली झाली आहे. अर्जासोबत स्वतःविषयी इंग्रजीत निवेदन लिहावं लागतं. अशी निवेदनं तपासताना मला एक चूक हमखास दिसते: जिथं तिथं ‘आय वॉज गोइंग’, ‘आय वॉज वर्किंग’.

या चुकीचं मूळ आपल्या मराठीत आहे. ‘तुझा फोन आला तेव्हा मी विहारात जात होतो’ यात क्रिया त्या क्षणी चालू आहे. ‘लहानपणी मी दर रविवारी विहारात जात होतो’ यात सवय आहे. मराठीत दोन्हीकडे ‘जात होतो’ चालतं. इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘आय वॉज गोइंग’, तर दुसऱ्याला साधा भूतकाळ लागतो: ‘आय वेंट एव्हरी संडे’.

ओळखायचं कसं? ‘जात होतो’च्या जागी ‘जायचो’ घालून बघा. अर्थ तोच राहिला, तर ‘वॉज गोइंग’ नको.

चालू क्रियेच्या मध्येच दुसरी घटना घडली, तर दोन्ही काळ एकत्र येतात. १९१६ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ९ मे रोजी त्यांनी तिथे जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. शिक्षण चालू होतं, म्हणून ‘वॉज स्टडींग’. निबंध वाचून झाला, म्हणून ‘रेड’.

आणखी एक लक्षात ठेवा. माहीत असणं, मालकीचं असणं, हवं असणं या क्रिया नसून स्थिती आहेत. म्हणून ‘आय वॉज नोइंग’ नाही, ‘आय न्यू’. ‘वुई वॉज हॅविंग टू एकर्स’ तर नाहीच. ‘वुई हॅड टू एकर्स’.

हे फक्त व्याकरणापुरतं नाही. दिवाळीच्या सुट्टीत दर वर्षी सोयाबीन काढायला जाणारा मुलगा ‘आय वॉज गोइंग’ लिहितो, तेव्हा वाचणारा पुढं काय घडलं याची वाट बघत बसतो. ‘एव्हरी दिवाली व्हेकेशन आय हार्वेस्टेड सोयाबीन’ लिहिलं, की वर्षानुवर्षांचे कष्ट एका वाक्यात दिसतात.

अर्ज पाठवण्याआधी त्यातल्या प्रत्येक ‘वॉज’वर बोट ठेवा आणि विचारा: हे तेव्हा चालू होतं, की मी ते करायचो?

जय भीम!