घोड्याच्या बदल्यात करमाफी
(उत्तरेची राजघराणी : लेखांक नववा)

मागच्या लेखात आपण स्वीडनच्या बिर्गर यार्लच्या मुलांची भाऊबंदकी पाहिली आणि १२७५ साली होवाच्या लढाईत धाकट्या माग्नुसने थोरल्या वाल्डेमारची गादी बळकावली तिथे थांबलो. त्या लढाईतली एक गोष्ट मुद्दाम आजच्यासाठी राखून ठेवली होती. वाल्डेमारच्या बाजूने लढणाऱ्यांत उप्लांड प्रांतातले शेतकरी मोठ्या संख्येने होते. माग्नुसकडे होते डेन्मार्कच्या राजाकडून उसने आणलेले चिलखती घोडेस्वार. शेतकऱ्यांची फळी त्यांच्यापुढे टिकली नाही. पण उसन्या घोडदळाचे पैसे द्यावे लागतात. ते थकले, आणि कालचा मित्र असलेला डॅनिश राजा वर्षा-दोन वर्षांत शत्रू होऊन सरहद्दीवर आला. घोडदळाशिवाय गादी राखता येत नाही आणि परक्यांचे घोडदळ परवडत नाही, हे दोन्ही धडे माग्नुसला एकदमच मिळाले. स्वीडनमधल्या नाइटवर्गाची कथा इथून सुरू होते. माझे म्हणणे असे की या वर्गाचा पाया एका महसुली व्यवहारात आहे, शौर्याच्या कल्पना त्यावर नंतर चढल्या. आणि तो व्यवहार ज्या पद्धतीचा होता तिच्यामुळे स्वीडनचा शेतकरी युरोपातल्या बहुतेक शेतकऱ्यांपेक्षा मोकळा राहिला.

व्यवहाराचा दस्तऐवज उपलब्ध आहे. मेलारेन सरोवरातल्या अडेल्सो बेटावर, जुन्या बिर्का शहराच्या समोर, आल्स्नो नावाचा राजवाडा होता. तिथे १२८०च्या सुमारास माग्नुसने जे फर्मान काढले त्याला आल्स्नोचा कायदा म्हणतात. त्यात राजाने आपल्या, आपल्या भावाच्या आणि बिशपांच्या माणसांना राजकरातून सूट दिली, आणि पुढे म्हटले की घोड्यावरून चाकरी करणारा कोणीही असो, कोणाच्याही पदरी असो, त्याला हीच सूट. या सुटीला अर्थ होता, कारण कर नवा होता. त्याआधी किनारपट्टीच्या प्रांतांवर राजासाठी जहाज, वल्हेकरी आणि शिधा पुरवण्याचे ओझे असे. या पद्धतीला ‘लेदुंग’ म्हणत. तेराव्या शतकात जहाजांची गरज उतरली आणि त्या सेवेची जागा हळूहळू वार्षिक कराने घेतली. म्हणजे शेतकऱ्याने वल्हे खाली ठेवले आणि कर भरू लागला. ज्याची ऐपत होती त्याला राजाने दुसरा पर्याय दिला : कर देऊ नकोस, त्याऐवजी घोडा, चिलखत आणि स्वतःला घेऊन ये. आपल्या इतिहासातला शिलेदार असाच स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन येई. फरक एवढाच की शिलेदाराला मोबदला मिळे, आणि याला मिळाली माफी. रिकाम्या खजिन्याच्या राजाला याहून स्वस्त सैन्य मिळाले नसते.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. करमाफी तर फ्रान्समधल्या सरदारांनाही होती, मग स्वीडनचे वेगळेपण काय? वेगळेपण माफी कशाला जोडली होती त्यात आहे. पश्चिम युरोपात मोठ्या भागात सरदाराला जमीन मिळे, जमिनीबरोबर तिच्यावर राबणारी माणसे मिळत, आणि त्या माणसांचा न्यायनिवाडाही बऱ्याचदा त्याच्याच हाती जाई. स्वीडनमध्ये माफी जोडली गेली ती चाकरीला. घोडा आणि हत्यारे यांची तपासणी होई आणि जो त्या तपासणीत उतरला नाही त्याने पुन्हा कर भरावा, हे चौदाव्या शतकाच्या मध्यात या माग्नुसचा नातू राजा माग्नुस एरिकसन याच्या देशव्यापी कायद्यात आले. खुद्द नाइट ही पदवी राजा व्यक्तीला देई. बापाकडून मुलाला ती आपोआप जात नसे. सधन शेतकरी घोडा बाळगून माफीच्या वर्गात, म्हणजे ‘फ्रेल्स’मध्ये, शिरू शके, खंगलेले सरदार घराणे त्यातून बाहेर पडू शके. शेतकरी मात्र कोणाच्या मालकीचा झाला नाही. सोळाव्या शतकात गुस्ताव वासा गादीवर आला तेव्हा स्वीडनमधली सुमारे निम्मी शेते स्वतः कर भरणाऱ्या शेतकऱ्यांची होती, तर सरदारांकडे आणि चर्चकडे प्रत्येकी साधारण पाचवा हिस्सा. शेजारच्या डेन्मार्कमध्ये त्याच काळात स्वतःच्या जमिनीचा शेतकरी शोधावा लागे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. श्रीमंतांना माफी म्हणजे उरलेल्यांवर जास्त भार, मग यात शेतकऱ्याचे भले कसले? हे बरेचसे खरे आहे, आणि पुढच्या काळातल्या राजांनी ते ओळखलेही : मार्गारेटा राणीने १३९६ साली न्यूश्योपिंगच्या सभेत, मधल्या तीनेक दशकांत सरदारांनी कराखालून काढलेल्या जमिनी परत मागितल्या. पण आल्स्नोच्या कायद्याला दुसरी बाजूही आहे. प्रवासातले बडे लोक आपल्या लवाजम्यासह वाटेतल्या शेतकऱ्याच्या घरी उतरत, त्याचे धान्य खात, त्याचा चारा घोड्यांना घालत, आणि एक पैसा न देता पुढे जात. माग्नुसने याला बंदी केली. गावात एक माणूस नेमायचा, त्याने प्रवाशाला अन्न-चारा विकत कुठे मिळेल ते दाखवायचे, आणि प्रवाशाने पैसे मोजायचे. लोकांच्या आठवणीत या राजाला ‘लादुलोस’, म्हणजे कोठाराचे कुलूप, हे नाव चिकटले त्याचे कारण हेच, असे सोळाव्या शतकातला इतिहासकार ओलाउस पेत्री सांगतो. त्यावरून माग्नुस गरिबांचा कैवारी ठरतो, आणि शाळेच्या पुस्तकांना असे राजे आवडतात. मला त्यात हिशेबी माणूस दिसतो. कर देणाऱ्याचे कोठार दुसऱ्याने रिकामे केले तर राजाला काय मिळणार? त्याने सरदारांचा एक हक्क, फुकट जेवणाचा, काढून घेतला आणि त्याच कागदावर दुसरा दिला. ज्यांना हा सौदा किंवा त्याची सत्ता मान्य नव्हती त्यांचे काय झाले तेही पाहावे : फोल्कुंग नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंडखोर सरदारांपैकी काहींचे शिरच्छेद १२८०मध्येच झाले.

मग काव्य, मेजवान्या आणि भाल्यांच्या झुंजी यांचे काय? ते होतेच. नॉर्वेची राणी युफेमिया हिने १३०३ पासून तीन शौर्यकथा स्वीडिश पद्यात करून घेतल्या. तिची मुलगी इंगेबोर्ग हिचा वाङ्‌निश्चय माग्नुसचा मुलगा ड्यूक एरिक याच्याशी ठरला होता, त्या संबंधातून हे काम झाले. पहिली कथा सिंहासोबत फिरणाऱ्या इवान नावाच्या नाइटची, मुळात फ्रेंच. त्यानंतर एरिकच्या गौरवासाठी पद्यबखर रचली गेली, ‘एरिकची बखर’. तिच्यात पोशाख, घोडे आणि दरबार यांची वर्णने भरपूर आहेत. पण तिचा काळ पाहा. ती आकाराला आली ती एरिकचा मुलगा तीन वर्षांचा असताना १३१९मध्ये राजा निवडला गेला आणि कारभार सरदारांच्या मंडळाकडे गेला त्यानंतर. आपणच राज्याचे खरे आधार आहोत हे सांगायची गरज त्या वर्गाला तेव्हा होती. आणि बखरीतले प्रसंग तरी कसले? १३०६मध्ये एरिक आणि त्याचा भाऊ वाल्डेमार (होवाच्या लढाईतला वाल्डेमार नव्हे) या ड्यूकांनी पाहुणे म्हणून जाऊन होटुना येथे थोरला भाऊ राजा बिर्गर याला कैद केले. बिर्गरने १३१७च्या डिसेंबरात दोघांना न्यूश्योपिंगच्या वाड्यात जेवायला बोलावले आणि रात्री बेड्या घातल्या. पुढच्या वर्षी ते कैदेतच मेले, बहुधा उपाशी. पाहुणचार आणि दिलेला शब्द ही शौर्यनीतीची पहिली अट मानली, तर स्वीडनच्या सर्वांत शौर्यप्रिय पिढीने ती दोनदा मोडली.

रणांगणावरही या वर्गाची मक्तेदारी राहिली नाही. १४७१मध्ये स्टॉकहोमजवळ ब्रुंकेबेर्गच्या टेकडीवर डेन्मार्कच्या पहिल्या क्रिस्तियानचा पराभव करणाऱ्या स्टेन स्टुरेच्या फौजेत दालार्नाचे शेतकरी आणि शहरातले नागरिक मोठ्या संख्येने होते. होवाचा निकाल दोनशे वर्षांनी फिरला म्हणायचा. गंमत अशी की त्या विजयाची स्मृती म्हणून बेर्न्ट नोटकेने घडवलेले आणि १४८९मध्ये स्टॉकहोमच्या मुख्य चर्चमध्ये उभे केलेले लाकडी शिल्प आहे घोड्यावर बसलेल्या, अजगराला मारणाऱ्या चिलखती नाइटचे, संत जॉर्जचे. हाती कुऱ्हाड किंवा धनुष्य घेतलेला दालार्नाचा माणूस त्यात कुठे नाही.

घोड्याशी जोडलेली माफी हळूहळू रक्ताशी जोडली गेली. चौदाव्या एरिकने १५६१च्या राज्याभिषेकात काउंट आणि बॅरन हे वंशपरंपरागत किताब सुरू केले, आणि १६२६मध्ये गुस्ताव आडोल्फने सरदार घराण्यांची नोंद तीन वर्गांत करून ‘रिद्दारहुसेत’, म्हणजे सरदारसभा, नियमबद्ध केली. आता तबेला रिकामा असला तरी नाव यादीत असले की पुरे. पुढच्या काही दशकांत राजकोषाच्या जमिनी इतक्या वेगाने या याद्यांतल्या घराण्यांकडे गेल्या की १६८०मध्ये अकराव्या कार्लला त्या परत ओढून घ्याव्या लागल्या, आणि त्या कामी त्याच्या मागे उभे राहिलेल्यांत शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही होते. ते प्रकरण पुढच्या लेखात.