मैदानावरची पाळी

खेळाडू मुलीच्या शरीराविषयी आपल्याकडे दोनच मते चालतात. घरचे मत : पाळीत हलायचे नाही, शिवायचे नाही. मैदानावरचे मत : पाळी असो नसो, घड्याळात वेळ तीच आली पाहिजे. पहिले विटाळातून आलेले, दुसरे पुरुषाच्या शरीराला मापदंड मानणारे. मुलीला विचारण्याची रीत दोन्हीकडे नाही. मी तालुक्याच्या गावी मुलींना धावणे शिकवते. हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे.

आधी शरीराचे पाहू. पाळीच्या पहिल्या दिवसांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके तळाला असतात. मग इस्ट्रोजेन चढते, पुढे स्त्रीबीज बाहेर पडते आणि त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढून अंगाचे तापमान सुमारे 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वर जाते. याचा कामगिरीवर परिणाम किती? 2020 साली 78 अभ्यास एकत्र तपासले गेले. पाळीच्या पहिल्या दिवसांत कामगिरी सरासरीने अगदी किंचित घटत असावी, एवढेच त्यातून निघाले; शिवाय मुळातले बरेच अभ्यासच कच्चे होते. तेव्हा सर्व मुलींना चक्राप्रमाणे एकच तक्ता लावण्याची जी टूम निघाली आहे, तिला फारसा आधार नाही.

मात्र सरासरी किंचित, म्हणून एकेकीचा त्रास किंचित ठरत नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिने आदल्या दिवशी पाळी आल्याचे उघड सांगितले. 2024 साली पॅरिसला मीराबाई चानूने 199 किलो उचलले. कांस्यपदक एका किलोने हुकले. पाळीचा तिसरा दिवस होता, हे तिनेच सांगितले. पदक त्यामुळेच गेले असे कोणी म्हणू नये. पण ती बोलली, हे मला मोठे वाटते.

खरा धोका पाळी येण्यात नाही, ती बंद पडण्यात आहे. ‘पाळी थांबली म्हणजे तयारी पक्की’ असे मी प्रशिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे. हे साफ खोटे आहे. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर पाळीचा खर्च थांबवते. इस्ट्रोजेन घटते, हाडे विरळ होतात, नडगीला बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली या ऊर्जेच्या तुटीवर स्वतंत्र निवेदन काढले. परदेशी पुस्तकांत ही तूट बहुधा वजन घटवण्याच्या हट्टातून येते. आमच्या मुली पहाटे कोऱ्या चहावर धावतात आणि सुट्टीत आईबरोबर खुरपायला जातात. त्यांची तूट कुठून येते हे वाचकांना सांगायला नको. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जायलाच हवे. कारण दुसरेही असू शकते.

त्यातच रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये तो आढळला. रक्तात लोह कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. मग प्रशिक्षक तिला आळशी म्हणतो! लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेले पाणी चालेल.

मुलींना मी एक वही ठेवायला सांगते : पाळीची तारीख, दुखणे, झोप, त्या दिवशीचा सराव. तीन-चार महिन्यांत जिचे तिला कळू लागते, कोणत्या दिवशी जोर धरायचा आणि कोणत्या दिवशी अंतर कमी करायचे. वही तिच्याच दप्तरात राहते. निवड समितीने मागितली तरी द्यायची नाही, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.