योग्य कृत्य कोणत्या काट्यावर तोलावें?

एखादें कृत्य योग्य कीं अयोग्य, असा प्रश्न घरांत निघाला म्हणजे वडील मंडळी धर्मशास्त्र काढतात, वकील मंडळी कायदा दाखवितात आणि तरुण मंडळी समाजहिताची भाषा बोलूं लागतात. वाद मिटत नाहीं. कारण तिघेहि निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें देत असतात. हें चांगलें आहे काय, असें नीति विचारते. ह्याचा अधिकार आहे काय, असें कायदा विचारतो. हें आज आणि ह्यांच्या हातून व्हावें काय, असें राजकारण विचारतें. एका प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या जागीं ठेवल्यास केवढा अनर्थ होतो, हें मुंबईच्या रखमाबाईंच्या खटल्यावरून आमच्या वाचकांस चांगलें कळेल.

रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी ह्यांच्याशीं झालें. पुढें त्या आपले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्या घरींच राहिल्या, शिकल्या, आणि वयांत आल्यावर नांदावयास जाण्याचें त्यांनीं नाकारलें. १८८४ सालीं दादाजींनीं हायकोर्टांत दावा लावला. ता. २१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्यायमूर्ति पिन्हे ह्यांनीं तो काढून टाकला. अजाणपणीं लग्न लागलेल्या व पतीबरोबर कधींच न राहिलेल्या स्त्रीस बळानें त्याच्या स्वाधीन करणें त्यांस क्रूरपणाचें वाटलें. शिवाय असला दावा विलायती कायद्यांतून आलेला, हिंदु धर्मशास्त्रांतला नव्हे, असेंहि त्यांनीं दाखविलें. १८८६ सालीं अपिलांत हा निकाल फिरला, आणि ता. ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन ह्यांनीं हुकूम केला कीं, रखमाबाईंनीं महिन्याच्या आंत नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने कैद भोगावी. ही कैदेची शिक्षा खुद्द इंग्लंडांत १८८४ सालींच रद्द झाली होती!

अपिलाच्या न्यायाधीशांस आम्ही दोष देत नाहीं. कायदा कसा असावा हें ठरविणें कोर्टाचें काम नव्हे. आज एका न्यायाधीशाच्या दयेनें कायदा वांकला, तर उद्यां दुसऱ्याच्या रागानेंहि तो वांकेल. टिळकांनीं 'केसरी'तून घेतलेला पक्षहि हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ज्या सरकारांत आमचा शब्द चालत नाहीं, त्यानें आमच्या विवाहसंस्थेंत हात घालूं नये, ह्या म्हणण्यांत स्वाभिमान होता. परंतु धर्मरक्षणासाठीं दादाजींनीं उचललेलें शस्त्रच विलायतेंत घडलेलें होतें. परक्यांचा हात नको, तर तो दोन्ही पक्षांस नको. आपल्या सोयीपुरता लावलेला नियम हा नियमच नव्हे.

रखमाबाईंनीं ह्यावर काय केलें? त्या लपल्या नाहींत, कोर्टास फसविलें नाहीं, कायदा आपल्या बाजूस आहे अशी बतावणीहि केली नाहीं. नांदावयास जाण्यापेक्षां तुरुंगांत जाईन, असें त्यांनीं उघडपणें कळविलें. आमच्या मतें त्यांच्या कृत्याचें समर्थन येथें आहे: नकार उघड होता, त्याची किंमत त्या स्वतः भरावयास सिद्ध होत्या, आणि ती किंमत त्यांनीं दुसऱ्याच्या माथीं मारली नाहीं. कायद्यानें त्या दोषी ठरल्या. नीतीनें ठरल्या नाहींत.

जुलै १८८८ मध्यें दादाजींस दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या व त्यांनीं सुरत आणि राजकोट येथें पुष्कळ वर्षें स्त्रियांची शुश्रूषा केली. १९५५ सालीं त्या वारल्या. त्याच वर्षींच्या हिंदु विवाह कायद्याच्या नवव्या कलमानें हा दावा पति व पत्नी दोघांसहि खुला ठेवला. कैद मात्र उरली नाहीं. १९८३ सालीं आंध्र हायकोर्टानें हें कलम घटनाविरुद्ध ठरविलें, तर १९८४ सालीं सुप्रीम कोर्टानें तें उचलून धरलें. म्हणजे शंभर वर्षांनींहि विद्वानांचें एकमत झालें नाहीं.

मोठ्या कुटुंबांत असे प्रसंग कोर्टाबाहेरच अधिक येतात. मुलगी एखाद्या स्थळास नाहीं म्हणते, धाकटा भाऊ वांटणी मागतो, सून नोकरीचा हट्ट धरते. अशा वेळीं 'आम्हांस अधिकार आहे' आणि 'लोक काय म्हणतील' हीं दोन्ही उत्तरें चटकन् तोंडीं येतात. पहिलें कायद्याचें आहे, दुसरें घरगुती राजकारणाचें. हें चांगलें आहे काय, ह्या प्रश्नाचें उत्तर मात्र त्यांनंतरहि द्यावयाचें उरतेंच; आणि ज्याला त्याचे परिणाम भोगावयाचे आहेत, त्याचें म्हणणें आधीं ऐकून घेतल्याखेरीज वडील मंडळींनीं तें देऊं नये.