राघूचं नवं घर

नांदेडहून लातूरला बदली झाली, की सामान ट्रकमध्ये चढतं. प्रश्न उरतो पिंजऱ्यातल्या राघूचा. शेजारच्या काकू मायेनं म्हणतात, "राहू द्या आमच्याकडे." पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपला कंठवाला देशी पोपट पाळणं त्यांच्यासाठीही गुन्हाच. मग गच्चीवरून सोडून द्यावा? मिरची-डाळीवर वाढलेल्या, पंख छाटलेल्या त्या जिवाला धड उडता येत नाही, दाणा शोधता येत नाही. खाली मांजर टपलेलं असतं. त्यापेक्षा वनपरिक्षेत्र कार्यालयात त्याला सोपवा. छाटलेली पिसं झडून नवी येतात. तोवर त्याला सांभाळणारे हात हवेत. लेकरं रडतील. त्यांना खरं ते सांगा: राघूला त्याच्या भाऊबंदांकडे जायचंय.