आट्यांच्या दांड्याची ताकद ओळखा

कालव्याचे लोखंडी दार पाण्याच्या दाबाखाली असताना चार माणसांना हाताने उचलत नाही. तेच दार एकटा माणूस हातचाक फिरवून वर घेतो. पेंच प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी हे पाहिले असेल. ट्रॅक्टरच्या टॉप लिंकमध्येही हीच युक्ती आहे.

कार्य कसे चालते?

दांड्यावर आटे पाडून त्यावर नट बसविलेला असतो. नट जागेवर ठेवून फिरविला, तर दांडा सरळ रेषेत वर-खाली सरकतो. दोन आट्यांतील अंतर ६ मि.मी. असल्यास एका फेऱ्यात दांडा ६ मि.मी. सरकतो. २० सें.मी. त्रिज्येच्या चाकावर हात मात्र तेवढ्यात सुमारे १२५ सें.मी. फिरतो, म्हणजे २०० पटींहून जास्त. तीन-चतुर्थांश जोर घर्षणात गेला तरी १० किलोच्या जोराने सुमारे ५०० किलोचा भार हलतो. या घर्षणामुळेच हात सोडला तरी भार खाली येत नाही.

टॉप लिंकच्या एका टोकाला उजवे व दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात. मधली नळी फिरविली की दोन्ही टोके एकदम जवळ येतात किंवा दूर जातात. लिंक आखूड केल्यास नांगर पुढे झुकून फाळ जमिनीत चांगला घुसतो. लांब केल्यास नांगरट उथळ होते.

हल्ली कापणी यंत्रात व हरितगृहाच्या खिडक्यांना विजेवर चालणारे असे दांडे बसवितात. त्यात हाताऐवजी लहान मोटार असते व शेवटच्या टोकाला ती आपोआप बंद करणारे बटण असते.

काळजी कशी घ्यावी?

१) अडले तर जोर करू नये. दाराखाली दगड अडकला असता चाक दाबून फिरविल्यास दांडा वाकतो. पन्नासपट जोर हाताला कळत नाही. दार अर्धवट राहिले की पाणी वाया जाते व शेवटच्या शेतकऱ्याची पाळी चुकते. पाणी वापर संस्थांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

२) काळ्या मातीचा चिखल आट्यांत वाळू देऊ नये. ब्रशने डिझेल लावून आटे साफ करावेत, पुसून मगच ग्रीस लावावे. मातीवर लावलेले ग्रीस आटे झिजविते.

३) दांड्यावर आडवा भार देऊ नये.

४) विजेच्या दांड्याची मोटार गरम झाल्यास थांबवावी. त्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये.

५) झिजलेला नट वेळीच बदलावा. आटे सुटले तर भार एकदम कोसळतो. म्हणून उचललेल्या अवजाराखाली काम करताना भक्कम ठोकळे लावावेत. केवळ आट्यांवर जीव सोपवू नये.